मंडळाच्या पाटीसाठी कोनदार अक्षरं कशी काढावीत

गणपती जवळ आले की बडोद्यात आमच्या डोक्यात एकच ओळ घोळत असते: ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’. कमानीवर तीच, पावतीपुस्तकावर तीच. यंदा ती गोलाई टाळून, नुसत्या सरळ रेघांत काढायची असेल तर संगणक बाजूला ठेवा आणि ग्राफपेपर घ्या.

आधी ओळ जाड मार्करनं नेहमीच्या वळणात लिहा. हात कुठून कुठे वळला, हे कोनदार अक्षरातही कळायला हवं.

मग चौकटी ठरवा. शिरोरेघेखाली ६, वर मात्रा-वेलांटीला ३, खाली उकाराला २. (या ओळीत उकार नाही, पण उद्या ‘शुभेच्छा’ लिहावं लागेलच.) रेघेची जाडी १ चौकट, तिरकी रेघ फक्त ४५ अंशांत. इथे एक खोच आहे. तिरक्या रेघेचं आडवं माप १ ठेवलं तर तिची खरी जाडी ०.७च भरते आणि अक्षर तेवढ्या जागी उपाशी दिसतं. आडवं माप १.४ धरा.

सुरुवात ‘व’पासून करा. पोटाचे डावीकडचे दोन्ही कोपरे छाटा. हेच पोट ‘क’ला आणि ‘ब’ला चालतं. अनुस्वाराचा टिंब टोकावर उभा चौकोन, म्हणजे शंकरपाळ्यासारखा.

खरी परीक्षा ‘ळ’ची. मी पहिल्यांदा त्याची दोन्ही वाटोळी टोकदार केली, तर उत्तरायणातले दोन पतंग चिकटल्यासारखे दिसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, “मंड... पुढे काय रे?” तेव्हा टोकं छाटा, आतल्या पोकळीसाठी रेघ थोडी बारीक करा आणि अक्षर इतरांपेक्षा एक चौकट रुंद घ्या. नियम मोडला तरी चालेल, ‘ळ’ वाचता आला पाहिजे. ‘त्स’मध्ये अर्धा ‘त’ ‘स’ला टेकतो तिथे काळा डाग पडतो, तिथेही रेघ बारीक करा. ‘श’ मराठी वळणाचाच ठेवा.

कागद भिंतीला लावा, रस्त्यापलीकडे जा आणि ज्याला ओळ माहीत नाही त्याला वाचायला सांगा.

एका पाटीसाठी फॉन्ट बनवायची गरज नाही. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये अक्षरं गिरवली की काम भागतं. पूर्ण फॉन्टच हवा असेल तर फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण जोडाक्षरांना महिने जातात.

पाटीवर गुजराती ओळही असणारच. तिला शिरोरेघ नसते, त्यामुळे त्याच मापात ती खुजी वाटते. किंचित मोठी घ्या. तारीख, वेळ, पत्ता मात्र मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये. आणि छापणारा ओळ ताणून बसवायला अक्षरांतलं अंतर वाढवू लागला, तर हात धरा. शिरोरेघ जागोजागी तुटते.