रीफ टँकसाठी पोवळी निवडताना या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे जिवंत पोवळ्यांची खाऱ्या पाण्याची टाकी. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली सगळीच पोवळी पेटल्यासारखी दिसतात. माझं पहिलं झोआन्थिड (बटणांच्या झुबक्यासारखं दिसणारं पोवळं) मी तसंच भाळून घेतलं. म्हापशाला घरी आणून पांढरा दिवा लावला, तर रंग मातकट! आता दुकानदाराला दोन मिनिटं पांढरा दिवा लावायला सांगतो. कुरकुरला तर कुरकुरू दे.

पण रंगाची फसगत किरकोळ. खरी चूक म्हणजे टाकीचा चांगला दिवस बघून पोवळं निवडणं. आपल्याकडे निवड करायची ती मे महिन्यातल्या, लाईट गेलेल्या दुपारच्या हिशेबाने. बहुतेक पोवळ्यांना २४ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. खोली ३३ अंशांवर गेली की चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसलेली टाकीही तिच्या मागोमाग तापते. पृष्ठभागावर पंखा लावला तर पाणी उडून थोडं गार होतं, पण पावसाळ्यात हवाच इतकी दमट की पंखा फिरतो आणि थर्मामीटर जागचा हलत नाही. (उडालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरा. मीठ उडत नाही. खारं ओतलंत तर क्षारता चढतच जाईल.)

अशा उष्म्यात ॲक्रोपोरासारखी नाजूक दगडी पोवळी अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. तेच शेवाळ त्यांचं बहुतेक अन्न बनवतं, म्हणजे पुढे उपासमार. चिलर नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. मशरूम, लेदर, झोआन्थिड ही मऊ अंगाची पोवळी बरीच सोशिक. इन्व्हर्टरवर निदान वेव्हमेकर (पाणी फिरवत ठेवणारा पंप) घ्या. काही तास दिवा नसला तरी चालतं, पाणी थांबलं की प्राणवायू संपतो.

दगडी पोवळ्यांत आणखी एक मेख आहे. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गोव्यातल्या ग्रांद बेटाजवळ किंवा मालवणला डुबकी मारताना आठवण म्हणून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. मेलेला तुकडाही तिथेच राहू द्या. विकत घेताना कागद मागा, आणि जो विक्रेता हसून विषय बदलतो त्याच्याकडून घेऊ नका.

मिरामारहून कॅन भरून पाणी आणणारेही भेटतात. ते मांडवीचं मुख आहे, पावसाळ्यात तिथलं पाणी पार गोडसर होतं. टाकीसाठीचं समुद्री मीठ विकतचं वापरा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) १.०२५ दिसेपर्यंत धीर धरा.

आता घाईबद्दल. माझं लेदर एकदा आठवडाभर मिटून बसलं. अंगावर मेणचट चकाकी, एकही पॉलिप (पोवळ्याचं फुलासारखं तोंड) बाहेर नाही. मेलं समजून मी त्याची जागा तीनदा बदलली, आणि दर वेळी ते नव्याने रुसलं. शेवटी वैतागून तसंच सोडलं, वेव्हमेकरचं तोंड जरा त्याच्याकडे वळवलं. दोन दिवसांत दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटून गेला आणि पॉलिप फुलले. लेदर अशी कात टाकतंच. बुडखा पाघळायला लागला किंवा कुजका वास आला, तरच सडका भाग कापायचा.

शेजारही बघा. टॉर्च नावाच्या पोवळ्याचे तंतू रात्री लांबवर पोचून शेजाऱ्याला भाजतात, म्हणून वीतभर अंतर ठेवा. लेदर न शिवताच पाण्यात रसायनं सोडतं. फिल्टरात सक्रिय कोळसा घाला, महिन्याला बदला. ग्रीन स्टार पॉलिप नावाचं पोवळं मुख्य दगडावर लावू नका. मी लावलं होतं. वर्षात ते हिरवळीसारखं पसरलं, आता खरवडलं की पुन्हा उगवतं. त्याला वाळूत सुटा दगड द्या.

झोआन्थिड मात्र खरवडायच्या फंदातही पडू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हाताळताना हातमोजे आणि संरक्षक चष्मा हवाच. नको झालेलं झोआन्थिड मारायला दगडावर उकळतं पाणी ओतणाऱ्या लोकांना वाफेतून विषबाधा झालेली आहे. सगळा दगडच बाहेर काढून दुसऱ्या हौशी माणसाला द्या.