ब्रेगे यांचे नाव असलेले खिशातले घड्याळ कसे पारखावे

अब्राहम-लुई ब्रेगे यांचा जन्म १७४७ साली, आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या नशातेल येथे झाला आणि १७७५ मध्ये त्यांनी पॅरिसला सीन नदीच्या काठी आपला घड्याळांचा कारखाना उघडला. त्यांची कीर्ती एवढी पसरली, की त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव घातलेली बनावट घड्याळे बाजारात सर्रास विकली जाऊ लागली. त्यामुळे असे घड्याळ हाती आले, तर तबकडीवरच्या ठळक नावाला सर्वांत कमी महत्त्व द्यावे.

पारख करण्यापूर्वी घड्याळाला चावी देऊ नये. आतले जुने तेल वाळून चिकट झालेले असते आणि त्या अवस्थेत चाके फिरली, तर त्यांची बारीक टोके झिजतात. तबकडी पुसण्याचा मोहही कटाक्षाने टाळावा. तिच्यावरचा सर्वांत मोलाचा पुरावा पुसण्याने कायमचा जाऊ शकतो.

हा पुरावा म्हणजे गुप्त सही. नकलांना आळा घालण्यासाठी ब्रेगे यांनी १७९५ च्या सुमारास ती सुरू केली. हिऱ्याचे टोक बसवलेल्या पँटोग्राफने, म्हणजे मोठ्या नमुन्याची बारीक प्रत काढणाऱ्या उपकरणाने, ती इतकी हलकी ओरखडलेली असते, की समोरून पाहणाऱ्याला तबकडी कोरीच वाटते. ती शोधण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, प्रकाश एकाच बाजूने आणि जवळजवळ तबकडीला समांतर पडेल असा ठेवावा आणि घड्याळ सावकाश फिरवत राहावे. पांढऱ्या एनॅमलच्या, म्हणजे भाजून बसवलेल्या काचेसारख्या लेपाच्या, तबकडीवर बाराच्या आकड्याखाली, तर सोन्याच्या किंवा चांदीच्या तबकडीवर त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाहावे. नाव आणि बहुधा घड्याळाचा क्रमांक अचानक उजळून दिसतो, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात त्या क्षणी जितका जवळ वाटतो तितका एरवी क्वचितच वाटतो. सही दिसली नाही, तरी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण ती झिजलेली असू शकते किंवा तबकडी नंतर बदललेली असू शकते.

सजावटीचा विचार करताना पुष्कळांची फसगत होते. रंगीत सोन्याच्या माळा, एनॅमलमध्ये रंगवलेली चित्रे आणि मोठ्या अक्षरांत ‘ब्रेगे आ पारी’, म्हणजे पॅरिसचे ब्रेगे, असा मजकूर पाहून घड्याळ राजदरबारी वाटते, पण हा थाट बहुतेक वेळा नकलेचाच असतो. ब्रेगे यांची शोभा संयमाची होती: लेथवर कोरलेली सोन्याचांदीची लहरदार नक्षी, भरपूर मोकळी जागा आणि टोकाजवळ छोटे पोकळ वर्तुळ असलेले निळ्या पोलादाचे सडपातळ काटे. ही नक्षी केवळ देखणी नसते. तिच्यामुळे चकाकी कमी होते आणि तबकडीवरचे वेगवेगळे भाग वेगळे ओळखू येतात. एकच काटा असलेले घड्याळ दिसले, तर मिनिटकाटा हरवला असे समजू नये. १७९७ मध्ये जाहीर केलेली त्यांची ‘सुस्क्रिप्सिओं’, म्हणजे आगाऊ नोंदणीची, घड्याळे एककाटीच होती आणि त्यांच्या किमतीचा चौथा हिस्सा ग्राहक मागणी नोंदवतानाच भरत असे.

सहीवरून काळही ताडता येतो. १८०७ पासून मुलगा भागीदार झाल्यावर ‘ब्रेगे ए फिस’, म्हणजे ब्रेगे आणि पुत्र, अशी सही येऊ लागली. ती असलेले घड्याळ १७९० सालचे म्हणून कोणी विकत असेल, तर खुलासा मागावा.

मागचे झाकण मात्र जाणत्या घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे. तबकडी, यंत्र आणि केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, यांवरचे क्रमांक जुळतात का, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे आणि प्रत्येक क्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. ब्रेगे यांच्या पेढीच्या जुन्या विक्रीवह्या पॅरिसमध्ये जपलेल्या आहेत. नेपोलियनने इजिप्तच्या मोहिमेआधी एप्रिल १७९८ मध्ये केलेल्या खरेदीचीही नोंद त्यांत आहे. आपला क्रमांक त्या वह्यांत सापडला, तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण नक्कल करणारे खरे क्रमांकही उचलत असत. नोंदीत दिलेले वर्णन, म्हणजे केसचा धातू, काट्यांची संख्या आणि ठोके देण्याची सोय, हातातल्या घड्याळाशी एकेक करून ताडून पाहावे.