लाँच पुढं गेलं की सॅटेलाइटला हात लावू नका

लाँचची तारीख कळली की पहिलं काम हे करा, गावात कोणालाच सांगू नका. मस्करी नाही बाप्पा. आईला सांगितलं की मामाला कळते, मामाला कळलं की पानठेल्यावर कळते, आणि तारीख पुढं सरकली की जो भेटला तो गाडी थांबवून विचारते, "काहून बे, तुहं रॉकेट उडालं नाही काय?" आता त्याला काय सांगणार, की आमच्यासोबत जाणाऱ्या दुसऱ्याच सॅटेलाइटमध्ये काहीतरी निघालं म्हणून आमचंही अडकलं? त्याला वाटते पोट्ट्यानं काहीतरी बिघडवलं. त्यात 2022 च्या गुढीपाडव्याला सिंदेवाहीकडं लाडबोरीत आकाशातून ती भलीमोठी धातूची रिंग पडली तेव्हापासून आमच्याकडं रॉकेट म्हटलं की लोक आधी वर बघतात.

मी आर्णी तालुक्यातला. डिप्लोमा करून काही काळ नागपूरला पॅनल वायरिंग केलं, मग एका छोट्या सॅटेलाइट बनवणाऱ्या कंपनीत लागलो. असेंब्ली आणि टेस्टिंग, म्हणजे वायरी, स्क्रू, कनेक्टर, आणि तीच टेस्ट पुन्हा पुन्हा. या लाइनीत यायचं म्हणून आपल्याकडचे पोट्टे-पोट्ट्या विचारत राहतात, अभ्यास काय करू, कोणती परीक्षा देऊ. ते सांगतो शेवटी थोडं. पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे, आणि ते कोणत्याच क्लासमध्ये सांगत नाहीत, ते म्हणजे लाँच पुढं गेल्यावर काय करायचं आणि त्याहून जास्त, काय करायचं नाही.

पीएसएलव्ही म्हणजे इस्रोचं रॉकेट, क्यूबसॅट म्हणजे ठरावीक मापाच्या डब्यासारखं छोटं सॅटेलाइट, एवढं डोक्यात ठेवा. तर तारीख जी मिळते ती "याच्या आधी नाही" एवढीच असते. माझ्या बाबांना हे आमच्या साहेबांपेक्षा लवकर समजलं. ते म्हणाले मृग लागला म्हणून कोणी पेरते काय, ओल किती खोल गेली ते पाहावं लागते, नाहीतर दुबार पेरणी. बस, तेवढंच आहे. फरक इतकाच की इथं ओल एका जागची नसते, दहा ठिकाणची एकदम लागते.

मंगळयानाचंच घ्या. 2013 मध्ये ते आधी 28 ऑक्टोबरला जाणार होतं. पण उड्डाणावर नजर ठेवायला दक्षिण पॅसिफिकमध्ये नालंदा आणि यमुना अशी दोन जहाजं पाठवली होती, आणि खराब हवामानामुळं त्यातलं एक वेळेत पोचत नव्हतं. जहाजासाठी रॉकेट थांबलं! गेलं 5 नोव्हेंबरला. 19 नोव्हेंबरपर्यंत विंडो होती, म्हणजे तोवर उडालं तर मंगळ गाठता येत होता, म्हणून जमलं, नाहीतर मंगळाची पुढची विंडो सव्वीस महिन्यांनी. दुसरं, डिसेंबर 2024 चं प्रोबा-3. युरोपचं सॅटेलाइट, आपली पीएसएलव्ही-सी59, 4 तारखेला दुपारी 4:08 ची वेळ, आणि लाँच तोंडावर आलेलं असताना सॅटेलाइटमध्येच अडचण दिसली म्हणून थांबवलं. दुसऱ्या दिवशी 4:04 ला गेलं. त्याच महिन्यात 30 तारखेला स्पेडेक्सवालं, म्हणजे दोन सॅटेलाइट वर एकमेकांना जोडून पाहायचं होतं ते, पीएसएलव्ही-सी60, रात्री 9:58 चं दोन मिनिटं सरकवून 10 वाजता सोडलं, का तर वर फिरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या जवळून जाऊ नये म्हणून. दोन मिनिटं! हा टक्कर टाळायचा हिशोब लाँचच्या आधी दरवेळी होतो, त्यामुळं कोणी "रात्री बरोबर 9:58 ला बघा" म्हणून स्टेटस टाकला असेल तर त्याचंही चुकलं.

घाबरवायला नाही सांगून राहिलो. उलट थांबणं चांगलं असते हे डोक्यात बसावं म्हणून. 19 ऑगस्ट 2013 ला जीएसएलव्ही-डी5, म्हणजे पीएसएलव्हीहून मोठं रॉकेट, उडायला 74 मिनिटं बाकी होती आणि दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना सापडलं. थांबवलं, पॅडवरून रॉकेट मागं नेलं, दुसरा टप्पा नवा लावला, आणि 5 जानेवारी 2014 ला तेच रॉकेट आपलं स्वतःचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचं, इंजिन घेऊन पहिल्यांदा व्यवस्थित गेलं. चांद्रयान-2 तर सगळ्यांना आठवत असेल, 15 जुलै 2019 च्या पहाटे 56 मिनिटं 24 सेकंदांवर घड्याळ थांबलं, लोक रात्रभर जागून घरी गेले, 22 जुलैला उडालं. आणि गगनयानची ती टेस्ट फ्लाइट, 21 ऑक्टोबर 2023, पाच सेकंद बाकी असताना कॉम्प्युटरनं स्वतःच होल्ड लावला म्हणजे उड्डाण रोखलं, गडबड शोधून त्याच दिवशी 10 वाजता सोडलं. पाच सेकंदांवर थांबता येते तर तुमची नोकरीची जॉइनिंग दोन महिने लांबली म्हणून रडू नका.

पण उशीर झाला म्हणजे आता सगळं पक्कं होणारच, असंही नसते हां. जीएसएलव्ही-एफ10 मार्च 2020 मध्ये आदल्या दिवशी पुढं ढकललं, मग कोरोना आला, गेलं 12 ऑगस्ट 2021 ला, आणि क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. चौकशीत निघालं की हायड्रोजनच्या टाकीतला दाब एका व्हॉल्व्हच्या गळतीमुळं कमी झाला होता. म्हणजे मिळालेला वेळ कामी येईलच असा भरवसा नाही.

आणि इथंच तो सापळा आहे ज्यात आम्ही सापडलो. नीट वाचा, मी जरा लांबवणार आहे.

सॅटेलाइट तयार झालं, व्हायब्रेशन टेस्ट झाली, थर्मोव्हॅक झालं म्हणजे निर्वात टाकीत तापवून-गारठवून झालं, वजन घेतलं, फिट चेक झाला म्हणजे डिप्लॉयरमध्ये, वर गेल्यावर सॅटेलाइट बाहेर सोडणाऱ्या पेटीत, नीट बसते काय ते पाहून झालं. आता पाठवायचं तेवढं राहिलं. आणि मग निरोप येतो की लाँच पुढं गेलं. पहिला दिवस सगळे तोंड पाडून बसतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणते, वेळ मिळालाच आहे तर ते एक राहिलेलं करून घेऊ ना. हे "करून घेऊ ना" फार घातक आहे. आमच्या इथं बीकनचं होतं, म्हणजे सॅटेलाइट वरून ठरावीक वेळानं जो सिग्नल सोडते तो. टीम लीडला वाटलं दोन सिग्नलमधला गॅप थोडा कमी करू, खाली पकडायला सोपं जाईल. एकच ओळ बदलायची फर्मवेअरमधली, म्हणजे सॅटेलाइटच्या आतल्या प्रोग्राममधली. मान आम्ही सगळ्यांनीच डोलावली, कारण खरंच एकच ओळ होती.

आता क्यूबसॅटच्या नियमात असं आहे की रॉकेटमधून बाहेर पडल्यावर अर्धा तास अँटेना उघडायची नाही आणि 45 मिनिटं सिग्नल सोडायचा नाही. त्यासाठी आत टायमर चालतो. त्या एका ओळीनं झालं असं की नवा गॅप ठेवायला जी जागा घेतली तिथंच टायमरचा आकडा जपून ठेवलेला होता. नेहमीच्या टेस्टमध्ये काहीच दिसलं नाही, सगळं हिरवं. पण मध्येच कॉम्प्युटर रीसेट झाला की टायमर पुन्हा शून्यावरून सुरू. वर तर रेडिएशननं, बॅटरी उतरली म्हणून, कशानंही रीसेट होते. म्हणजे दर अर्ध्या तासाच्या आत एकदा रीसेट होत राहिलं की अँटेना कधीच उघडणार नाही, आणि अँटेना नाही तर खालून काही सांगताही येत नाही. वर फिरणारा डबा.

पकडलं कोणी, तर आमच्यातल्या आयटीआय झालेल्या टेक्निशियननं. साहेब म्हणत होते छोटी टेस्ट पुरे, बदल एवढासाच आहे. हा गडी म्हणे नाही, बदल केला म्हणजे पूर्ण टेस्ट, आणि मध्येच पॉवर ओढून पण बघणार. ओढली, आणि सापडलं. मग जुनंच व्हर्जन परत टाकलं. तुम्हाला वाटेल जुनं टाकलं म्हणजे संपलं. नाही ना! परत टाकलं म्हणजे परत बदल, म्हणजे परत सगळ्या टेस्ट. जो वेळ लाँच सरकल्यामुळं मिळाला होता तो सगळा आहे तिथंच परत यायला गेला आणि सॅटेलाइट सोपवायची तारीख गाठताना जीव गेला.

सॉफ्टवेअरचं हे, तर खोलण्याचं विचारूच नका. पॅनल खोललं की स्क्रूचा टॉर्क म्हणजे मोजून आवळलेला जोर गेला, त्यावरचं लॉकिंग गेलं, कनेक्टर काढला-लावला म्हणजे पिना झिजल्या. व्हायब्रेशन टेबलवर जे पास झालं होतं ते हे राहिलंच नाही, दुसरं झालं. मग टेस्ट रिपोर्ट कशाचा दाखवता? म्हणून तारीख पुढं गेली की तुमचा पहिला प्रश्न असा पाहिजे की कोणी काही बदलायचं म्हणते काय, आणि म्हणत असेल तर लेखी दे म्हणावं. लेखी म्हटलं की अर्धे लोक गप होतात. नवीन असाल तर बोलायची हिंमत होत नाही, माहीत आहे मला, आपल्याकडं मोठ्या माणसापुढं बोलायची सवय नसते. तरी बोला. "सर, पूर्ण टेस्ट घ्यायची ना?" एवढंच विचारायचं, भांडण नाही. आणि खरंच जीवघेणी चूक सापडली असेल तर अर्थात बदला, पण ती चूक आहे की फक्त हौस आहे हे आधी ठरवा.

मग त्या वेळात करायचं काय, तर कंटाळवाणी कामं. बॅटरीचं चार्जिंग बघा, लिथियम बॅटरी नुसती पडूनही हळूहळू उतरते, आणि एकदा डिप्लॉयरमध्ये गेलं, वरून हीट शील्ड म्हणजे रॉकेटच्या टोकाचं झाकण लागलं की छोट्या सॅटेलाइटला सहसा कोणी हात लावू देत नाही. टॉर्क रेंच, मल्टिमीटर यांच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माप बरोबर दाखवते काय त्या तपासणीच्या, तारखा बघा, आमच्या एका मीटरची नेमकी त्या मधल्या काळात संपत होती. इन-स्पेसची, म्हणजे खासगी कंपन्यांच्या अंतराळातल्या कामाला मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी, फ्रिक्वेन्सीचे कागद, यात जुनी तारीख लिहिली असेल तर लगेच हलवा. जिथून रॉकेट सुटते त्या श्रीहरिकोट्यात आत जायचा पास जुन्या तारखांचा असेल तर नव्यानं मागावा लागतो. आणि आपल्या लोकांचं खास दुखणं, आधारवर नाव एक, टीसीवर दुसरं, मार्कशीटवर बापाचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं. सिक्युरिटीच्या कागदात हे अडकते. ते आजच दुरुस्त करा, नोकरी लागायची वाट पाहू नका.

आता परीक्षांचं. दहावी आणि आयटीआय असेल तर इस्रोत टेक्निशियन-बी, फर्स्ट क्लास डिप्लोमा असेल तर टेक्निकल असिस्टंट, इंजिनिअरिंग असेल तर सायंटिस्ट/इंजिनिअर एससी. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीला, म्हणजे अंतराळ विषयाच्या सरकारी कॉलेजला, जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. घरात नववीतलं कोणी असेल तर युविकाचा, म्हणजे इस्रोच्या शाळकरी मुलांसाठीच्या शिबिराचा, फॉर्म भरा, त्यात गावच्या शाळेतल्या मुलांना वेगळे गुण धरतात आणि तरीही आपल्या शाळांना पत्ता नसतो. पण "इस्रोत हमखास नोकरी" असे बोर्ड लावणारे क्लास आणि पैसे घेऊन ऑनलाइन स्पेस इंटर्नशिपचं सर्टिफिकेट वाटणारे, यांच्यापासून लांब राहा. एका पोट्ट्यानं मला अशी पाच सर्टिफिकेटं दाखवली, सोल्डरिंग आयर्न हातात दिलं तर धरता येईना. त्यापेक्षा जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात दोन महिने बसा, क्रिंपिंग म्हणजे वायरीच्या टोकाला पिन दाबून बसवणं शिका, हात न थरथरता बारीक काम करायला शिका. आणि गुरू निवडताना हे पाहा की त्यानं स्वतः कधी टेस्ट फेल होताना पाहिली आहे काय. जो म्हणते माझं कधीच फेल झालं नाही, त्यानं एक तर काम केलं नाही नाहीतर टेस्ट केली नाही.

हे सगळं वाचून वाटेल फार कठीण आहे. नाही हो. सहा महिन्यांत हात बसतो. मला पहिल्यांदा क्लीनरूममध्ये तो पांढरा सूट घालून टोपी-मास्क लावून उभं केलं तेव्हा घामानं चष्मा धुरकट झाला होता आणि मनगटाचा पट्टा अर्थिंगला लावायचा असतो हेही शेजारच्यानं सांगितलं. आता तेच काम झोपेत होते.

श्रीहरिकोट्याला जायची वेळ आली तर नागपूर किंवा चंद्रपूरवरून चेन्नईची गाडी, मग तिथून लोकलनं सुल्लुरपेटा, श्रीहरिकोट्याजवळचं स्टेशन. जातानाचं तिकीट काढा, परतीचं काढूच नका, कॅन्सलच करावं लागते. लॉजवाल्याला पण "दोन दिवस" सांगू नका, पुढचं बुकिंग घेऊन टाकतो मग तुम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर. आणि आपल्याकडं कापूस वेचणी चालू असते, आभाळ कोरडं, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं भर पावसाळा असतो, वादळं पण त्याच दिवसांत. आपल्या पोरांना हे माहीत नसते, स्वेटर घेऊन जातात. रेनकोट घ्या, आणि मोज्यांचे जोड जास्तीचे, कारण ओल्या पायांनी क्लीनरूमच्या दारात उभं राहिलं की आतले लोक तोंडानं काही म्हणत नाहीत पण पायाकडं बघत राहतात.