गॅडोलिनाइट ओळखताना या चुका टाळा

पेग्मटाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकात, काचेसारखा चमकणारा काळा, जड तुकडा दिसला की लेबलवर 'गॅडोलिनाइट' या खनिजाचे नाव लिहायचा मोह होतो. स्वीडनमधल्या इटर्बीच्या खाणीत १७८७ साली असाच दगड सापडला होता. रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिनने त्याचे पृथक्करण केले आणि १७९४ साली इट्रियम या धातूचे ऑक्साइड जगापुढे आणले. पण पेग्मटाइटात काळ्या खनिजांची वाण नाही, त्यामुळे रंगावर जाऊ नका.

सर्वाधिक घोटाळा होतो तो अॅलनाइट या खनिजाशी. तेही सिलिकेट, त्यातही दुर्मिळ मृदा धातू. फरक वजनात कळतो: गॅडोलिनाइटचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) ४ ते ४.७, अॅलनाइटचे साधारण ३.५ ते ४.२. तुकडा आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. हवेतले वजन ४२ ग्रॅम आणि पाण्यात ३२ भरले, तर घट १० ग्रॅमची. हवेतल्या वजनाला घटीने भागले की उत्तर ४.२. इथे बहुतेकांची चूक होते ती चिकटलेला फेल्स्पार (पेग्मटाइटातले हलके खनिज) तसाच ठेवण्याची. आकारमानाने एक तृतीयांश फेल्स्पार असेल तर हेच उत्तर ३.७ च्या आसपास येते आणि अस्सल गॅडोलिनाइट अॅलनाइट म्हणून डबीत जाते. पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडेही असाच दगा देतात. ते ब्रशने काढा.

कस, म्हणजे फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग, पाहतानाही जपून. गॅडोलिनाइटची कठिनता मोह्स मापावर ६.५ ते ७, म्हणजे जवळपास कसाच्या पांढऱ्या फरशीइतकीच. जोर लावून घासले तर उमटलेली भुकटी फरशीचीच असू शकते. त्यापेक्षा सुटलेली पातळ कपची प्रखर उजेडात धरा. गॅडोलिनाइटच्या कडा हिरवट दिसतात, अॅलनाइटच्या बहुधा तपकिरी. कुटून पूड मात्र करू नका. या खनिजात बेरिलियम असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. शिवाय युरेनियम-थोरियमचा अंशही असू शकतो.

नावावरून याला गॅडोलिनियमचे खनिज समजू नका. यात मुख्यतः इट्रियम असते, काही प्रकारांत सिरियम. गॅडोलिनियम अगदी थोडे.

क्ष-किरण विवर्तनाचा (स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचणीचा) आलेख सपाट आला की 'ही तर काच' असा शेरा मारणारे बरेच भेटतात. अंतर्गत किरणोत्सारामुळे या खनिजाची स्फटिकरचना कालांतराने मोडलेली असते. प्रयोगशाळेत नमुना तापवला की ती पुन्हा जुळते, तेव्हा आलेख त्यानंतर काढायला सांगा.

मूलद्रव्ये ओळखणाऱ्या, हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने दिलेल्या अहवालात बेरिलियम नसेल, तर नमुना बाद करू नका. इतके हलके मूलद्रव्य त्या यंत्राला दिसतच नाही. त्यासाठी आयसीपीसारखी (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्ये मोजणारी) वेगळी चाचणी मागावी लागते.