खोक्यातला कागद आणि उधारीचे दिवस

माझे वडील आण्णा आणि काका यांनी १९९४ साली पुठ्ठ्याची खोकी बनवायला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला, तेव्हा त्यात एक जुनं सिंगल फेसर (कागद नागमोडी करणारं मशीन), एक रोटरी (शीट कापून घडीच्या रेघा पाडणारं) आणि दोन स्टिचिंग मशीन एवढाच संसार होता. पेस्टिंग हातानेच चालायचं. शाळा सुटली की मी तिकडे जायची. खळीचा आंबूस वास दप्तराला लागायचा. संध्याकाळी आई आणि काकू खोक्यांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे सुतळीने बांधत बसायच्या. पहिलं गिऱ्हाईक फरसाणवाले होते. आज अंबडला आमचे स्वतःचे दोन गाळे आहेत, मुसळगावला मोठी शेड आहे आणि साठेक माणसं कामाला आहेत.

घरच्या अशा धंद्यात शिरणाऱ्या, किंवा नव्याने कोरुगेटेड बॉक्सचं, म्हणजे अशा पुठ्ठ्याच्या खोक्यांचं, युनिट काढू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी २०१० मध्ये कामाला लागले. तेव्हापासूनच्या वाढीचा हिशोब मांडायला बसले की दोन आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात: एका खोक्यात किती ग्रॅम कागद गेला, आणि त्या खोक्याचे पैसे किती दिवसांनी आले.

आधी कागदाचं सांगते. पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं, खोकं म्हणजे तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी, ज्यांना आम्ही फ्लूट म्हणतो. फ्लूटसाठी कागद जास्त लागतो, कारण तो वळत जातो. एक मीटर फ्लूटला साधारण १.४ मीटर कागद धरायचा. आता ४०० बाय ३०० बाय ३०० मिलिमीटरचं खोकं घ्या. दोन लांब्या, दोन रुंद्या आणि जोडाची पट्टी मिळून शीटची लांबी सुमारे १४५० मिलिमीटर होते. रुंदी, उंची आणि क्रीजची (घडीची) सूट मिळून दुसरी बाजू ६२०. म्हणजे शीट ०.९ चौरस मीटरची. वरचा कागद १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), आतला १५०, मधला आणि दोन्ही फ्लूट १२० चे, असं धरलं तर वजन ७०० ग्रॅमच्या जरासं वर जातं.

यात १२० च्या जागी १३० जीएसएमचा कागद आला तर? हाताला फरक कळतही नाही. पण खोक्यामागे ३४ ग्रॅम वाढतात. महिन्याला १०,००० खोकी असतील तर ३४० किलो कागद फुकट गेला. किलोला ३५ रुपये धरले तरी जवळपास १२,००० रुपये होतात, तेही एकाच साइझमध्ये. आमच्याकडे तेव्हा चाळीसेक साइझ चालायचे. आण्णांचा अंदाज पक्का होता, ते खोकं हातात झेलून वजन सांगायचे आणि दहा-वीस ग्रॅमच्या आत यायचे. तरीही कोणत्या गिऱ्हाइकाच्या मालात पैसे सुटतात आणि कोणाच्या मालात आपण पदरचे घालतो, हे घरात कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. मी पहिले सहा महिने फक्त वजनं केली. रोज, प्रत्येक साइझची पाच खोकी, वहीत. शेवटी दिसलं की ज्या पार्टीला आम्ही आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणून मिरवत होतो, तिच्या मालात मजुरीही सुटत नव्हती. दर वाढवून मागितला, पार्टी गेली. तीन महिने मशीन अर्धा वेळ बंद राहिलं. ते तीन महिने काढणं अवघड होतं, पण हिशोबाने तोच निर्णय बरोबर निघाला.

शिक्षणाबद्दल बरेच जण विचारतात. नाशिकला बीएस्सी करून मी अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमधून दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा केला. ही संस्था १९६६ ची, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालची. तिथे कमी मुदतीचे सर्टिफिकेट कोर्सही असतात. नेरूळला एसआयईएसचं पॅकेजिंगचं कॉलेज आहे. कोर्सने मला भाषा दिली: बर्स्टिंग (कागद किती दाबाला फुटतो), कॉब (तो किती पाणी शोषतो), एज क्रश (पुठ्ठ्याची उभी कड किती भार सोसते), कम्प्रेशन (अख्खं खोकं वरून किती भार पेलतं). कागदाचा बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर, आणि जीएसएम गुणून १००० ने भागलं की बर्स्टिंग स्ट्रेंथ येते. १८० जीएसएम, २० बीएफचा कागद म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३.६ किलो. गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्यातला माणूस हे आकडे बोलतो, त्याच्याशी त्याच भाषेत बोलता आलं पाहिजे. पण शीट चिकटलीय की नाही हे मला शिकवलं ते पेस्टिंगवरच्या मावशींनी. कोपरा ओला न करता पदर ओढायचा. कागदाचे तंतू फाटून आले तर जोड पक्का. पदर स्वच्छ सुटला आणि फ्लूटच्या रेघा कोरड्या दिसल्या तर खळ पातळ झालीय किंवा माणसाने घाई केलीय. पावसाळ्यात ही परीक्षा मी आजही तासातासाला करायला लावते.

आता २०१३ च्या फेब्रुवारीबद्दल. द्राक्षांचा हंगाम भरात होता. एका निर्यातदाराची पाच किलोच्या खोक्यांची पहिली मोठी ऑर्डर आम्हाला मिळाली होती. मीच आणली होती, म्हणून जरा जास्तच जीव लावला होता. बर्स्टिंग तपासलं, वजन तपासलं, छपाई सुरेख आली. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. कोल्ड स्टोरेजमध्ये गेले तर खालच्या दोन थरांतली खोकी पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती, आणि एका पॅलेटचा अख्खा कोपरा बसला होता. आत पाऊचमधली द्राक्षं दबली होती. वर्षभर पोटच्या पोरासारखी सांभाळलेली बाग होती कोणाची तरी. तो शेतकरी तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही, पाऊच उघडून एकेक घड पालथा करून बघत राहिला. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

चूक आमची होती, आणि ती तीन ठिकाणी होती. एक, मी बर्स्टिंग बघत बसले, पण थप्पीत उभं राहणाऱ्या खोक्याला कम्प्रेशन लागतं. दोन, हवा खेळण्यासाठीची भोकं आम्ही कोपऱ्यांच्या अगदी जवळ पाडली होती. खोक्यावर येणाऱ्या भाराचा मोठा भाग त्याचे चार कोपरे पेलतात, तिथेच आम्ही त्याला अधू केलं. तीन, शून्य अंशाच्या खोलीत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते, आणि अशा हवेत पुठ्ठ्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. साधी खळ तिथे टिकत नाही, तिच्यात पाणी सोसणारं रेझिन लागतं. नाशिकच्या फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत आमची खोकी दगडासारखी टणक होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.

आण्णांनी दुपारपर्यंत दोन निर्णय घेतले. सगळा माल परत आणायचा, आणि नुकसान झालेल्या द्राक्षांचे पैसे आपण भरायचे. काकांनी टेम्पो काढला. तीन रात्री सगळं घर कारखान्यात होतं, आईसुद्धा. तो निर्यातदार आजही आमच्याकडेच आहे. त्या उन्हाळ्यात आम्ही कार पुढे ढकलून कम्प्रेशन टेस्टर घेतला. त्यानंतर एक नियम केला. नव्या गिऱ्हाइकाचं खोकं डिझाइन करण्याआधी ते जिथे उभं राहणार ती जागा स्वतः जाऊन बघायची. गोदाम, ट्रक, शीतगृह, थप्पी किती उंच लागते, खाली पॅलेट आहे की फरशी. नव्याने येणाऱ्यांनी एवढं एक केलं तरी निम्मी भांडणं टळतील.

उधारीचा धडा हळूहळू मिळाला. आमचा कागद मुख्यतः वापीच्या मिलमधून येतो, पेठ-कपराडा मार्गे. मिल फार तर महिनाभर थांबते. गिऱ्हाईक नव्वद दिवस लावतं. महिन्याला ४० लाखांची विक्री असेल तर १ कोटी २० लाख कायम बाहेर. त्यातले पंचवीसेक लाख मिलच्या उधारीतून निघतात, बाकीचे आपण कुठून तरी आणायचे, शिवाय गोदामातला कागद वेगळाच. विक्री दुप्पट झाली की हा खड्डाही दुप्पट. २०१६ च्या सुमारास आमची विक्री सगळ्यात वेगाने वाढत होती, आणि त्याच वर्षी पगार दोनदा उशिरा झाले. ऑर्डरी भरपूर, बँकेत खडखडाट. वाढता धंदा असाच बुडतो, हे मी तेव्हा जवळून पाहिलं.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वाचा. सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३ बी (एच) कलमही लागू झालं. उशिरा दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच धरता येते. तेव्हापासून मार्चमध्ये गिऱ्हाइकांच्या हिशेबनिसांचे फोन आपणहून येऊ लागले. पूर्वी आम्ही करायचो. तरी तक्रार हा शेवटचा उपाय आहे. आम्ही आधी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापला, दर ठरवतानाच दिवस ठरवायला लागलो, आणि ४५ दिवसांत देणाऱ्याला किलोमागे थोडी सूट दिली. ज्याने तरीही नव्वद लावले त्याच्या नव्या साइझला नाही म्हणालो. हे 'नाही' काकांना सगळ्यात जड गेलं. त्यांची माणसं होती ती, वीस वर्षांची.

करांकडेही लक्ष ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून खोक्यांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि क्राफ्ट कागदावर, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदावर, १८. म्हणजे १०० रुपयांच्या कागदावर १८ रुपये कर भरायचा, आणि १५० रुपयांच्या खोक्यांवर साडेसात गोळा करायचे. उरलेले पैसे परताव्याच्या अर्जात अडकतात. मशीनवर भरलेला कर या वाटेने परत येत नाही. नवं युनिट काढताना खेळत्या भांडवलात हा खड्डा आधीच धरा, सीए सोबत बसवून.

कागदाचा दर तर कधी उडेल सांगता येत नाही. चीनने १ जानेवारी २०२१ पासून रद्दी कागदाची आयात पूर्ण बंद केली, तिथल्या मिल भारतातून रद्दीच्या लगद्याचे तयार रोल उचलू लागल्या, आणि इथे क्राफ्ट भडकला. वर्षाच्या दराने बांधलेल्या ऑर्डरी असलेली किती तरी छोटी युनिट त्यात पिचली. आम्ही तगलो कारण काकांनी हट्टाने दर तीन महिन्यांचाच ठेवला होता. मी तेव्हा त्यांच्याशी वाद घातला होता. बरोबर ते होते.

घरातल्या पैशाबद्दल लोक लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. आमच्याकडे गल्ला एकच होता. घराची फी, लग्नाचा आहेर, कागदाचा ट्रक, सगळं त्यातूनच. कोणी लबाडी केली नाही, पण कोणी किती घेतले हे मनात साठत गेलं, आणि काकूंचं बोलणं कमी झालं. २०१४ मध्ये सगळ्यांचे पगार ठरवले. बसून, लिहून. आण्णा, काका, मी, चुलतभाऊ, आणि आई व काकूसुद्धा, कारण वीस वर्षं गठ्ठे त्यांनी बांधले होते. पहिला पगार जमा झाला त्या दिवशी आई बँकेत जाऊन पासबुक भरून आली आणि ते देवापुढे ठेवलं. काकूंनी मला जवळ बोलावून पाठीवर हात फिरवला. चुलतभावाला स्वयंचलित लाइन घ्यायची होती. आमच्या ऑर्डरी पाचशे-हजार खोक्यांच्या, साइझ बदलण्यातच दिवस जाईल, असं माझं म्हणणं होतं. पगार आणि हिस्से आधीच कागदावर होते, म्हणून तो वाद मशीनपुरताच राहिला. शेवटी लाइनऐवजी फ्लेक्सो प्रिंटर, म्हणजे खोक्यांवर छपाई करणारं मशीन, घेतला. लाइनचा विषय आम्ही दर दिवाळीला पुन्हा काढतो, आकडे घेऊन.

यंदा जूनमध्ये चुलतभावाचा मुलगा कामाला लागला. त्याला केबिन दिलेली नाही. ब्लेड, वजनकाटा आणि माझी २०१० ची वही दिलीय. मागच्या आठवड्यात तो वर आला, आत्या, हे रीळ बघ म्हणाला. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याने काट्यावर ठेवला. १२० जीएसएमच्या कागदाला १.२० ग्रॅम यायला हवं होतं, काटा १.३१ दाखवत होता. आण्णा शेजारी बसले होते. त्यांनी तो तुकडा दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिला आणि म्हणाले, "मिलला फोन लाव. आणि त्यालाच बोलू दे."