वसईतल्या जुन्या चर्चचा आणि शाळेचा इतिहास कसा शोधायचा

चर्चचं किंवा शाळेचं ज्युबिली वर्ष आलं की स्मरणिका निघते आणि इतिहासाचं पान मागच्या स्मरणिकेतनं जसंच्या तसं उचललं जातं, चुकांसकट. यावेळी ते काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर माझं ऐका, चर्चपासून नको, शाळेपासून सुरू करा.

मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि जुनं जनरल रजिस्टर मागा (क्लार्कला नुसतं "बघू द्या ना" म्हणून काही होत नाही). पोराचं नाव, गाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण, हा शेवटचा कॉलम तर अजिबात सोडू नका, गाव कसं जगत होतं ते तिथेच कळतं. जुनं शेरेबुक हाती लागलं तर सोनंच, तपासणीला आलेले साहेब काय शेरा मारून गेले ते त्यात असतं. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर (इंग्रजांचं शिक्षणाचं धोरणपत्र) मिशनच्या शाळांनाही सरकारी ग्रँटची वाट मोकळी झाली, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवालही चाळा.

मग चर्च. बाप्तिस्मा, लग्न, मयत, तिन्ही रजिस्टरं फादरांच्या परवानगीने, त्यांच्या ऑफिसात बसूनच बघायची, फ्लॅश बंद, थुंकी लावून पान उलटायचं नाही. जुनी पानं पोर्तुगीजमध्ये असतात पण घाबरू नका, तोच तोच साचा असतो, दहा नोंदी वाचल्या की अकरावी आपोआप लागते. फक्त तारखेला फसू नका, 7 च्या पुढे बारीक अक्षरात 'ब्रो' (bro) लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नाही सप्टेंबर, तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं, म्हणून आळी आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार बघून माणूस ओळखायचा.

आता सगळ्यात मोठा घोळ, स्थापनेचं वर्ष. मिशन कधी आलं, धर्मग्राम (म्हणजे पॅरिश) कधी झाला, आत्ताची इमारत कधीची, शाळा कधीची, या चार वेगळ्या तारखा आहेत आणि स्मरणिकेत त्या एकाच बोर्डवर चढवलेल्या असतात. वसई 1534 ला पोर्तुगीजांकडे गेली, 1739 ला चिमाजी आप्पांनी घेतली, मधल्या काळातलं बांधकाम पुढे पडलं, परत उभं राहिलं, त्यामुळे चर्च जुनं म्हणजे भिंती जुन्या असं नाही. घंटेवरचं साल तर घंटा ओतल्याचं, तेवढंच. आणि घंटा जागेवर राहतेच असंही नाही, वसईच्या घंटा पार भीमाशंकर आणि मेणवलीला जाऊन बसल्यात!

ठाणे जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटियर ऑनलाइन फुकट आहे, त्यात गावाचं नाव शोधा, बऱ्याच चर्चची माहिती मिळते. पुढचे कागद विखुरलेत, कारण धर्मप्रांताच्या (म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या) हद्दीच बदलत गेल्या, 1886 ते 1928 दमण धर्मप्रांत होता, नंतर मुंबई, आणि वसईचा स्वतःचा धर्मप्रांत 1998 चा. मराठा काळासाठी पुण्याचं पेशवे दफ्तर, त्याआधीसाठी पणजीचं पुराभिलेख खातं, पण तिथे मोडी आणि पोर्तुगीज वाचणारा माणूस सोबत न्या, नाहीतर गाडीभाडं वाया.

आणि हो, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये बापाचं नाव नसलेल्या नोंदी पण निघतात. नातवंडं अजून त्याच आळीत राहतात, असलं काही छापलंत तर फादर पुढच्या वेळी कपाटाची किल्ली देणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.