फिरतच राहणारं चाक: माझा अनुभव

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यांचं रोजच्या भावाचं वेब-पान माझ्याकडे दुरुस्तीला आलं. सर्व्हर अडखळला की पडद्यावर नुसतं चाक फिरायचं आणि मालकांचा फोन, “अहो, सौदं सुरू झाल्यात, भाव कुठं हाय?”

जावास्क्रिप्ट कोडमध्ये ट्राय-कॅच होता (ट्रायमधलं काम फसलं की कॅचमधलं चालतं), पण कॅचचा कंस रिकामा. एरर यायची आणि गुपचूप गिळली जायची. तिथे एरर ब्राउझरच्या कन्सोलवर छापणारं कन्सोल डॉट एरर टाकताच दिसलं: ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’, म्हणजे अनपेक्षित अक्षर. जेसन म्हणजे कोडला वाचता येणाऱ्या साच्यातल्या माहितीऐवजी सर्व्हर ५०० चं, म्हणजे स्वतःच्या बिघाडाचं, एचटीएमएल पान पाठवत होता. सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या फेचची खोडच अशी, की ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० आलं तरी त्याचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, म्हणजे फेच ते अपयश धरत नाही. नेटवर्क तुटलं तर होतं. म्हणून जेसन वाचण्याआधी उत्तर ठीक आलं का ते सांगणारं रिस्पॉन्स डॉट ओके तपासलं आणि फॉल्स निघालं तर स्टेटसच्या आकड्यासकट (४०४, ५०० वगैरे) स्वतःच एरर थ्रो केली, म्हणजे ती कॅचकडे जाते. चाक थांबवणं ट्राय-कॅचनंतर चालणाऱ्या फायनलीत नेलं, म्हणजे भाव आले काय किंवा एरर आली काय, ते थांबतं.

कॅचमध्ये आता शेवटचे साठवलेले भाव आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ बटण येतं. भावांशेजारी त्यांची वेळ ठळक हवीच. शिळ्या भावावर कुणी सौदा केला तर निस्तरणार कोण? आपोआप रिट्राय (पुन्हा मागणी) मुद्दाम टाळला, आधीच दमलेल्या सर्व्हरवर आणखी ओझं नको.